तक्त्यात गृहपाठाचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी आपल्या पुरवणीत ऑनलाइन कोर्स देणाऱ्या प्लॅटफॉर्मचा भलामोठा तक्ता आला होता. नाव, कोर्सेसची संख्या, फी, प्रमाणपत्र मिळतं की नाही, आणि शेवटच्या रकान्यात पाचपैकी तारे. सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर त्या पानाची झेरॉक्स काढायला माणसं उभी. पालक, मुलं, एक हायस्कुलातले सरसुद्धा. धंदा झाला, त्याबद्दल आभारी आहे. पण तो तक्ता वाचून पडणारे प्रश्न माणसं आपल्याला विचारत नाहीत, माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, आणि त्यांची उत्तरं तक्त्यात सापडत नाहीत. म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त कर्जाबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

देवगडला एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पॅन कार्ड, शाळेचे प्रोजेक्ट. तरुणपणी आयटीआयला ‘कोपा’ केलं, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड. तिथे शिकलेलं फॉक्सप्रो आज कुणाला सांगायची सोय नाही, पण शिकायची खोड लागली ती तिथेच. ऑनलाइन कोर्स मी स्वतः करते, फुकटचे पुष्कळ, विकतचे थोडे. आणि प्रमाणपत्रं लॅमिनेट करून देते, दुसऱ्यांची. म्हणजे प्रमाणपत्रांबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते माझ्या गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, याची नोंद घ्यावी.

तारामुंबरीची एक मासे विकणारी बाई बाजार आटपून घरी जाताना थांबली. आपल्या तक्त्याची झेरॉक्स पुढ्यात ठेवून म्हणाली, “काकी, झिलाक डेटा सायन्साचो कोर्स करूचो आसा. साठ हजार मागतत, म्हयन्याक हप्तो. ह्याका पाच तारे आसत. घेव काय?”

डेटा सायन्स म्हणजे ढीगभर आकडे चाळून त्यांतून कामाचं उत्तर काढायची विद्या. मी विचारलं, पहिल्या आठवड्याला गृहपाठ काय देतात? तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मुलगा बरोबर होता, त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने डेमो लेक्चर पाहिलं होतं, ‘काउन्सेलर’ म्हणवणाऱ्या माणसाशी फोनवर तासभर बोलला होता, प्रमाणपत्राचा रंगीत नमुना त्याच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडला होता. गृहपाठाचा नमुना काही कुणी पाठवला नव्हता. मग मी बाईला तिच्याच धंद्यातलं सांगितलं: सुरमई घेताना तू वरचा बर्फ बघतेस की कल्ला उचलून बघतेस? कोर्सचा कल्ला म्हणजे गृहपाठ. “तसा सांग मगे,” म्हणाली, आणि झिलाकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

संपादक महाराज, व्हिडिओ आता सगळ्यांचेच बरे असतात. चांगला माईक आणि गोड बोलणारा मास्तर मिळाला की झालं. फरक पडतो तो व्हिडिओ संपल्यावर. शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने काय करायला लावतात, ते कोण तपासतं आणि चुकलं तर काय होतं? बहुतेक ठिकाणी चार पर्यायांचे प्रश्न असतात. उत्तर चुकलं तर पुन्हा टिचकी मारा, तेही चुकलं तर पुन्हा. चौथ्या खेपेला माझ्या दुकानातलं मांजरही पास होईल. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर मांजराचीही गरज उरली नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे तुम्ही लिहिलेला प्रोग्राम मशीन स्वतः चालवून बघतं आणि नेमकं कुठे अडलं ते सांगतं. सगळ्यात वरची पायरी म्हणजे एखादं जिवंत माणूस तुमचं काम वाचतं आणि शेरा देतं. ती क्वचित मिळते आणि महाग पडते. पैसे मोजायचेच असतील तर त्या माणसासाठी मोजावेत, व्हिडिओसाठी मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या तक्त्यात तपासणीचा रकानाच नव्हता.

हे मत कुठून आलं ते सांगते. इथल्या एका आंबा बागायतदाराने हंगामातल्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे दलालाकडून येणारे विक्रीच्या हिशोबाचे कागद, माझ्याकडून एक्सेलमध्ये भरून घेतल्या होत्या. तारीख, पेट्या, किती डझनी, दर, भाडं, हमाली, दलाली. दलाल वाशीचे तिघेचौघे. पट्ट्यांवर जसं होतं तसंच मी भरलं, त्यामुळे एकाच दलालाचं नाव तीन तऱ्हांनी आलं. तारखा कुठे ३/४ तर कुठे ‘३ एप्रिल’. पेट्यांच्या रकान्यात मध्येच ‘खराब २’. बागायतदाराचा प्रश्न साधा होता: सगळा खर्च वजा जाता डझनामागे कुठल्या दलालाकडून जास्त हातात आले?

डेटा सायन्सचं प्रमाणपत्र लॅमिनेट करायला आलेल्या एका मुलाला मी ती फाईल दिली. म्हटलं, करून दे, पैसे मी देते. त्याने उघडली, वरखाली केली आणि म्हणाला, “काकी, हा डेटा क्लीन नाही.” मी म्हटलं, तेच तर काम आहे. त्याच्या कोर्समध्ये दोन प्रोजेक्ट झाले होते. एक टायटॅनिकच्या प्रवाशांचं, कोण वाचलं असेल ते ओळखायचं. दुसरं आयरिसच्या फुलांचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टायटॅनिकची ती यादी ८९१ ओळींची आहे, आणि जगातले निम्मे नवशिके तिच्यावरच हात साफ करतात. आयरिसची यादी १५० फुलांची, तीन जातींची प्रत्येकी ५०, रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली वापरलेली. दोन्हींची उत्तरं नेटवर लाखो ठिकाणी लिहून ठेवलेली आहेत. सुरुवातीचा सराव म्हणून त्यात वाईट काही नाही. पण सहा महिन्यांच्या शेवटीही तेच ‘प्रोजेक्ट’ म्हणून प्रमाणपत्राच्या मागे छापलेलं असेल, तर त्या मुलाने कधी कुणाचा खरा हिशोब हाताळला आहे का?

तीच फाईल मग शिरगावच्या एका बीएस्सीच्या मुलीने केली. तिने आधी कॉम्प्युटरला हातच लावला नाही, मलाच प्रश्न विचारले. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? चार मार्चला इतका माल जातो का? ‘खराब २’ म्हणजे पेट्या की डझन? हमाली पेटीमागे आहे की पट्टीमागे? नंतर घरी नेऊन दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. ज्याला बागायतदार सगळ्यात चांगला दलाल समजत होता तो दुसऱ्या नंबरवर निघाला, दर चढा असला तरी कापून घ्यायचा जास्त. ती मुलगी त्या मुलापेक्षा हुशार होती असं मी म्हणणार नाही, मी दोघांनाही शाळेपासून ओळखते. ती शिकली होती फ्रीकोडकॅम्पवर. २०१४ साली सुरू झालेली ही ना-नफा संस्था आहे, सगळं फुकट. तिथल्या पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने डेटा विश्लेषणाच्या प्रमाणपत्राला पाच प्रोजेक्ट स्वतः लिहावे लागतात, आणि मशीनच्या चाचण्यांत ते पास झाल्याशिवाय कागद मिळत नाही. आपल्या तक्त्यात हे नाव तळाशी होतं. कोर्स थोडे, फी शून्य, तारे तीन.

तारे कसे दिले तेही एकदा छापावं. मी बघते ते असं: कोर्सला तारे देणारी बहुतेक माणसं पहिल्या दोन-तीन व्हिडिओंनंतरच तारे देतात, कारण तेव्हाच स्क्रीनवर तशी खिडकी येते. शेवटपर्यंत पोचणारे थोडे. किती थोडे, त्याचा एक भक्कम हिशोब उपलब्ध आहे. हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर दिलेल्या कोर्सेसचा २०१२ ते २०१८ असा सहा वर्षांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०१९ मध्ये आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्या शंभरांतले साधारण तिघे पूर्ण करू शकले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. हा शेवटचा आकडा विक्रीवाले फार वापरतात: बघा, पैसे भरले की शिकणं होतं. मला ते पटत नाही. ज्याने आधीच कंबर कसलेली असते तोच पैसे भरतो. आणि पैसे भरूनही निम्म्याहून जास्त लोक मध्येच गळले, हे त्याच आकड्यात आहे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं. दोन जातींचे कागद असतात आणि तक्त्यात दोन्हींना एकच टिकमार्क दिला होता. एक म्हणजे कोर्स संपवल्याचा कागद. दुसरा म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली परीक्षा दिल्याचा. एनपीटीईएलचा कागद दुसऱ्या जातीतला. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ पासून चालवलेला हा उपक्रम आहे. नाव नोंदवणं, व्हिडिओ, आठवड्याचे गृहपाठ, सगळं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर हजाराच्या आसपास फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. गुणांत २५ टक्के गृहपाठ, ७५ टक्के परीक्षा. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरून हे कोर्स कॉलेजच्या क्रेडिटमध्येही धरले जाऊ शकतात, पण ते कॉलेजला आधी विचारून घ्यावं. ॲमेझॉनसारख्या क्लाउड कंपन्यांच्या, म्हणजे नेटवरून कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्यांच्या, परीक्षाही याच जातीतल्या. तिथे ॲमेझॉनची अगदी पहिल्या पायरीची परीक्षा १०० डॉलरची आहे आणि कागद तीन वर्षांनी शिळा होतो, हे घरी आधी सांगावं. पुण्या-मुंबईच्या नोकरीला या दुसऱ्या जातीच्या कागदाचा उपयोग होताना मी पाहिला आहे. पहिल्या जातीचा कागद लॅमिनेशनला छान दिसतो.

फुकटचं सगळंच चांगलं असतं असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. एनपीटीईएलचे कित्येक प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून शिकवतात. आणि ते इंजिनिअरिंगच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेलं आहे. बारावी आर्ट्सच्या मुलाला एकदम त्यात टाकलं तर तो दुसऱ्या आठवड्यात पळेल. हार्वर्डच्या डेव्हिड मॅलन यांचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स मी स्वतः पाहिला. शिकवतात असं की जेवायचं भान राहू नये. पण दर आठवड्याचा गृहपाठ घाम काढतो, आणि इंग्रजी भराभर. फुकटात करता येतो, कोर्सचा स्वतःचा कागदही फुकट मिळतो, एडएक्सचा शिक्का हवा असेल तरच पैसे. नव्या मुलांना मी सांगते, प्लेअरचा वेग पाऊण करा आणि खाली अक्षरं चालू ठेवा. आपल्या मुलांना इंग्रजी वाचता येतं, ऐकताना बिचकतात.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आहे, आणि ते आपल्या तक्त्यात नव्हतंच! एका मराठी वर्तमानपत्राने ते विसरावं याचं मला वाईट वाटलं. प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभं केलेलं काम आहे. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, मराठीत आवाज दिलेले, लिबरऑफिसपासून लिनक्स, पायथनपर्यंत, सगळं मुक्त सॉफ्टवेअर. रीत अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्या स्क्रीनवर तेच सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जायचं. धडे उतरवून ठेवता येतात, मग नेट नसलं तरी चालतं. दोष सांगते: आवाज सपाट आहे, दिसायला जुनाट आहे, काही धडे सॉफ्टवेअरच्या मागच्या आवृत्त्यांवरचे आहेत, मेनू शोधावे लागतात. पण माझ्याकडे येणाऱ्या बचत गटाच्या दोन बायका त्यावरून हिशोबाचा तक्ता करायला शिकल्या. दोघींनी इंग्रजी दहावीनंतर सोडलेलं.

शिळेपणावरून आठवलं. कोर्स कधीचा आहे हे विकणारा सांगत नाही, ते आपण शोधायचं. पायथनच्या कोर्समध्ये पहिल्या धड्यातच ‘प्रिंट’च्या पुढे कंस नसेल तर तो पायथन दोनचा कोर्स आहे, आणि पायथन दोनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. वेबसाइटची पानं बांधायचं रिॲक्ट शिकवताना ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने सुरुवात करत असतील तर ती रीत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनीच मोडीत काढली आहे. युडेमीसारख्या बाजारात तर चांगला आणि शिळा कोर्स शेजारी शेजारी मांडलेला असतो, दोन्हींवर हजारोंची किंमत खोडून शेकड्यांत दिलेली. ती खोडलेली किंमत कधीच खरी धरू नये, सेल कायम चालू असतो. मात्र त्यांच्याकडे एक चांगलं आहे: बहुतेक सुट्या कोर्सचे पैसे ३० दिवसांत परत मागता येतात, आणि घेतलेला सुटा कोर्स पुढेही आपल्याकडे राहतो.

हा ‘पुढे राहतो’ मुद्दा आपल्या बाजूला फार मोठा आहे. कोर्सेराच्या बऱ्याच मालिका महिन्याच्या भाड्यावर चालतात. भाडं थांबलं की दार बंद. मुंबईतला मुलगा दोन महिन्यांत उरकेल. इथे मार्चपासून मे अखेर घरातला प्रत्येक हात आंब्यात असतो, पेट्या भरायला शाळेतली पोरंही लागतात. जूनला पाऊस सुरू झाला की लाईट जाते, आणि गेली की कधी येईल ते एमएसईबीच्या माणसालाही सांगता येत नाही. मग गणपती. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे तीच गत केली होती. त्या दोन वर्षांत मुलं रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंच कातळी माळावर, जाऊन बसत होती, हे आपल्याच पेपरांनी छापलं. मग कोर्स निवडताना भाडं महिन्याने आहे की एकरकमी, धडा उतरवून ठेवता येतो का, मोबाईलवर नुसतं बघता येतं की करताही येतं, हे रकाने पहिले यायला नकोत का? दिवसाचा दीड जीबी डेटा घरात भावंडांत वाटला जातो. व्हिडिओ तो खातो, अक्षरांचे धडे जवळपास काहीच खात नाहीत. मोबाईलवर कोडिंग करता येतं असं सांगणाऱ्याने एकदा अंगठ्याने वीस ओळी लिहून दाखवाव्यात.

आता कर्ज. हे काटू नका.

‘फी हप्त्यांत भरा’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते हप्ते कोर्स देणाऱ्या कंपनीचे नसतात. मागे एक वित्तसंस्था असते. ती सगळी फी कंपनीला एकदम देते आणि आपण त्या संस्थेचे कर्जदार होतो. कागद मोबाईलवर येतो, आधारचा ओटीपी टाकला की सही झाली. माझ्या काउंटरवर उभं राहून माणसं तो ओटीपी टाकतात, एक ओळ न वाचता. एका घरातल्या मुलाने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला, कंपनीला ईमेल केला आणि विसरून गेला. हप्ता चालूच. वडील बोटीवर खलाशी, आणि खातं त्यांचं. पैसे जातात हे कळलं पासबुक भरून आणल्यावर. तिथे पोरगा काय बोलणार? कोर्स सोडला म्हणून कर्ज सुटत नाही, दोन्ही करार वेगळे असतात. हप्ता चुकला तर सिबिलवर डाग, आणि उद्या त्याच घराला बोटीसाठी कर्ज हवं असतं.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ लाच यावर सूचना काढली होती. काही कंपन्या फुकट सेवेचं आमिष दाखवून खात्यातून परस्पर पैसे कापण्याची परवानगी घेतात, सावध राहा, असं त्यात स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने एकूण वार्षिक खर्चाचा दर लिहिलेलं पत्रक द्यावंच लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ते पत्रक मागा. नाही म्हणाले तर तिथेच उठा. आणि यूपीआयवर ‘ऑटोपे’ नावाचा कोपरा असतो, तिथे आपण कुणाकुणाला दर महिन्याला पैसे काढायची मुभा दिली आहे ते दिसतं आणि रद्दही करता येतं. भाड्याचा कोर्स त्याने थांबतो, कर्ज मात्र थांबत नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

‘नोकरी लागल्यावरच पैसे’ ही दुसरी तऱ्हा. अमेरिकेत लॅम्डा स्कूल, नंतरची ब्लूमटेक, या कोडिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन शाळेचं याच गोष्टीसाठी कौतुक झालं होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली. जाहिरातीत नोकरी लागण्याचं प्रमाण ७१ ते ८६ टक्के, आणि गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत ते ५० च्या आसपास, काही वेळा ३० पर्यंत खाली. ‘हे कर्ज नाही’ असं सांगून दिलेल्या करारात सरासरी ४,००० डॉलरचा वित्तखर्च लपलेला होता. तिथे ही गोष्ट घडली, तर इथल्या ‘१०० टक्के प्लेसमेंट’चं काय समजायचं ते वाचकांनीच ठरवावं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नोकरीची हमी देणारे खोटे दावे त्यात बसतात. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी तो काउंटरच्या काचेखाली लावून ठेवला आहे.

आणि आता आपल्याकडे वळते. त्या तक्त्याच्या खाली अर्ध्या पानाची जाहिरात होती, आणि ज्याची जाहिरात त्यालाच तक्त्यात पाच तारे. कदाचित योगायोग असेल. पण तारामुंबरीच्या बाईला जाहिरात कुठे संपली आणि तक्ता कुठे सुरू झाला ते कसं कळावं? ती पेपरात आलंय म्हणून विश्वास ठेवते. पुढच्या वर्षी तक्ता कराल तेव्हा जाहिरात दुसऱ्या पानावर टाका, आणि तक्ता करणाऱ्याने निदान पाच कोर्सचा पहिल्या आठवड्याचा गृहपाठ स्वतः करून बघावा. कुणाचा पूर्ण झाला, कुणाचा अर्ध्यात सुटला आणि का, एवढं लिहिलं तरी ताऱ्यांची गरज राहणार नाही. जिल्ह्यातून एखादा कोर्स पूर्ण केलेल्या मुलामुलींना विचारा, पुढे काय झालं ते छापा. शिरगावच्या त्या मुलीला विचारायचं असेल तर मी निरोप देईन. ती सध्या कुडाळ एमआयडीसीत एका कारखान्यात स्टॉकचा हिशोब बघते. मुलाखतीत तिला कागद मागितला नाही, एक्सेलची फाईल पुढे ठेवली.

तारामुंबरीच्या त्या मुलाने अजून कुठेच पैसे भरलेले नाहीत. पावसाळ्यात दुपारी दोन ते चार माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं आणि मागचा कॉम्प्युटर मोकळा असतो. तिथे तो स्पोकन ट्युटोरियलवरून पायथन करतो आहे. इन्व्हर्टर आहे, धडे उतरवून ठेवलेले आहेत. अजून दोघांची सोय होईल, हेडफोन मात्र स्वतःचे आणावेत.

कळावे,
आपली,
झेरॉक्सवाली काकी
देवगड, जि. सिंधुदुर्ग

(नाव छापू नये. गाव लहान आहे आणि त्या कोर्सवाल्यांची पत्रकंही माझ्याच मशीनवर छापली जातात.)